इटली लागते, श्रीवर्धन लागत नाही

चाचांशी माझी ओळख भांडणातून झाली. कोपरखैरण्याला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, आणि संध्याकाळी माझी मालिका लागली रे लागली की टीव्हीवर जाड पांढऱ्या रेघा नाचायला लागायच्या. केबलवाल्याला मी झाप झाप झापलं. तो वायर बदलून गेला, बूस्टर बदलून गेला, शेवटी वैतागून त्याने वर बोट दाखवलं, की तुमचे वरचे अंकल कसलं तरी मशीन चालवतात. झालं. गाऊनवर ओढणी टाकली आणि तशीच जिना चढले. माझा राग नाकावर असतो हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. वॉचमन तर मला बघून खुर्ची सोडून उभा राहतो.

चाचा म्हणजे जहाजावरचे निवृत्त रेडिओ ऑफिसर. श्रीवर्धनच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे, तिथले कोकणी मुसलमान. त्या गावात घरटी एक माणूस बोटीवर, तसे हेही. उभा जन्म बिनतारी संदेश पाठवण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावरही खोड सुटेना, म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढून घरातच सेट मांडून बसले होते. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि माझा दम संपल्यावर कानावरचा हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "एकदा ऐका, मग हवं तेवढं भांडा." मी ऐकलं. आधी नुसती खरखर, आणि त्या खरखरीच्या आतून कुठल्याशा थंड देशातला कुणी म्हातारा आपल्याकडे बर्फ पडतोय म्हणून सांगत होता. चाचांनी त्याला उत्तर दिलं. काय आवाज होता त्या माणसाचा! खर्जातला, सावकाश, प्रत्येक शब्दाला नीट बसायला जागा देणारा. मालिका माझी बुडाली ती बुडालीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली येऊन आमच्या टीव्हीच्या वायरवर एक काळं कडं चढवलं आणि रेघा गेल्या. आता वर जायचं मला काही कारण उरलं नव्हतं. तरी मी गेले. मग जातच राहिले.

मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, नंतर क्लार्क झाले. बोटं माझी पळतात. चाचांनी मोर्स शिकवायला घेतलं, म्हणजे टिंबं आणि रेघा यांची ती तारखात्याची भाषा, तेव्हा ती ठोकायच्या चावीवरही माझी बोटं पळायलाच लागली. त्यांना ते अजिबात खपायचं नाही. पेन्सिल टेबलावर वाजवायचे आणि मला थांबवायचे. दोन अक्षरांच्या मधली जागा खाऊ नकोस, म्हणायचे, समोरचा माणूस काय तुझ्या मागे धावत येणार आहे का? मी चिडायचे. ते चिडायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून पाठवायला लावायचे. चाची तेवढ्यात सांदणं आणि चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, जाऊ दे गो, बोटीवर पण हे असेच होते.

पन्नाशीला टेकलेल्या बाईला नवीन काही शिकवायच्या फंदात कुणी पडत नाही. घरच्यांना वाटतं, हिला आता गुडघ्याचं तेल आणून दिलं की झालं. चाचांनी शिकवलं. मी परीक्षा दिली, पास झाले, परवाना आला, आणि मला एक कॉलसाइन मिळालं, म्हणजे हवेवरचं नाव, अक्षरांचं आणि आकड्याचं, माझ्या एकटीचं. कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, अमक्या टेबलावरच्या बाई नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाची जन्मभराची ऋणी आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. आम्ही एकमेकांना सिग्नल कसा येतोय तेवढं सांगायचो.

आंब्याच्या दिवसांत आणि ईदेला चाचा-चाची गावी जायची. तिथेही त्यांनी वाडीतल्या सुपारीच्या झाडांमध्ये तार ताणून ठेवलेली होती. मग पहाटे उजाडायच्या सुमारास ते तिथून आणि मी आमच्या गच्चीवरच्या तारेवरून ऐंशी मीटरच्या बँडवर भेटायचो. हा खालचा बँड, म्हणजे लांब लाटांचा. ऊन चढलं की तो मिटतो, त्यामुळे गप्पा मारायच्या तर पहाटे नाहीतर दिवेलागणीला. ठरलेली एक जागा होती आमची त्या बँडवर. चाचा मला तिथे गावातल्या बातम्या सांगायचे, कुणाची होडी रंगवली, कुणाच्या घरी पोरगी झाली. मी त्यांना सोसायटीतल्या सांगायचे.

मग त्यांचा घसा बसला. बोटीवर सिगरेट फार ओढली होती, ते स्वतःच म्हणायचे. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढावी लागली. गळ्याला पुढून एक भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा. बोलणं संपलं. तो आवाज, ज्याच्यासाठी परदेशातली माणसं सेटपाशी वाट बघत बसायची, तो गेला. मी भेटायला गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बाहेर येऊन लिफ्टपाशी रडले. मला रडू आलं की आधी राग येतो, म्हणून लिफ्टवाल्याशीही भांडले.

घर रिकामं करून दोघं गावी गेली ती कायमची. इकडे आमच्या सोसायटीच्या सभेत एका शहाण्याने उठून सांगितलं, की वरच्या अंकलना कॅन्सर त्या अँटेनामुळेच झाला, तेव्हा गच्चीवर आता एकही तार नको. त्या सभेत मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपयोग शून्य. हात वर झाले आणि माझीही तार उतरली.

काही महिन्यांनी मी आणि आमचे हे त्यांच्या गावी जाऊन आलो. आम्ही अंगणात आलो तसे चाचा मागच्या दाराने वाडीत निघून गेले. भिंतीला हॉस्पिटलातून दिलेली पाटी टेकवलेली होती, कोरी. घशाला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं. त्यातून आलेला तो कण्ण कण्ण आवाज एकदाच ऐकला आणि चाचांनी ते खणात टाकलं. चाची आम्हाला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या आणि तिथे त्यांचा बांध फुटला. म्हणाल्या, घरात माणूस आहे आणि नाही पण. लिहीत नाही, खुणा करत नाही, मशिदीत जायचं सोडलं, ताटावर बसतात आणि दोन घासांत उठतात. डॉक्टर म्हणतो, याला जगायची हौस राहिली नाही तर औषध काय करणार?

"एकच करतात," त्या म्हणाल्या. "पहाटे फजरची बांग झाली की तो हेडफोन कानाला लावून बसतात. नुसतं ऐकतात. तुझी ती ठरलेली जागा आहे ना, तिथेच. तू बोलाव गो त्यांना. तुला ओ देतील."

एसटीत बसल्यावर मी यांना म्हटलं, चावीला गळा लागत नाही. हे म्हणाले, मग बोलाव की.

बोलाव की! सांगायला काय जातं. घरून बोलवायला तार नव्हती, आणि असती तरी काही फायदा नव्हता. खालच्या बँडला शहर सोसत नाही. लिफ्टची मोटर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, प्रत्येक वस्तू स्वतःचं रडगाणं त्या बँडवर गात असते, आणि आमची तर पूर्ण बिल्डिंग गाते. शांत मोकळी जागा हवी आणि लांब तार टाकता यायला हवी. म्हणजे सगळं केंद्रच उचलून न्यायचं. त्याची रीतसर परवानगी काढली. सेट होताच. बॅटरी घेतली, तारेची भेंडोळी घेतली, एकात एक सरकणारी फायबरची उंच काठी घेतली, आणि हे सगळं आमच्या जुन्या गाडीच्या डिकीत भरलं.

उलव्याच्या पुढे खाडीच्या कडेने मातीचे बांध आहेत, जुन्या मिठागरांचे. तिकडे अजून इमारती पोचल्या नव्हत्या. शनिवार-रविवारी पहाटे आम्ही तिथे जायला लागलो. आमचे हे मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना रेडिओतलं ओ का ठो कळत नाही, शिकायची इच्छाही नाही. काठी धरायची, तार ओढायची, थर्मासमधला चहा ओतायचा, आणि सगळा वेळ कुरकुरायचं. म्हणायचे, लोक निवृत्त झाल्यावर बायकोला महाबळेश्वरला नेतात, मी चिखलात आणतोय. पण गजर माझ्याआधी हेच बंद करायचे आणि चहाही यांचाच असायचा. एकही सकाळ चुकवली नाही या माणसाने. त्याबद्दल मी यांचे आभार मानले तर हे म्हणतील, बरं वाटत नाही का तुला, म्हणून इथेच लिहून टाकते.

पहिल्याच दिवशी बांधावरून एक म्हातारे आगरी बाबा चालले होते. त्यांनी आमची उभी काठी बघितली, वरपासून खालपर्यंत बघितली, मग खाडीकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाय, पानी तिकरं हाय, गल इकरं कनाला टाकलाव?" मी काय सांगणार? म्हटलं, आमचा मासा जरा लांबचा आहे. ते मान हलवत गेले. नंतर रोज येता-जाता विचारायचे, गावला का.

आता माझी अक्कल ऐका. खाऱ्या चिखलासारखी जमीन रेडिओवाल्याला नशिबाने मिळते. त्या ओल्या खारटपणावर उभी तार लावली की तिच्यातून निघालेली लाट क्षितिजाला लगटून जाते आणि कुठच्या कुठे पोचते. हे मला पाठ होतं. तेव्हा काठी जितकी उंच जाईल तितकी चढवली, तार सरळ उभी बांधली, चिखलावर चारी बाजूंनी जमिनीच्या तारा अंथरल्या, आणि चाचांना हाक मारली. चाचांचं उत्तर नाही, पण इटलीतल्या एका माणसाने मला ओ दिली. इटली! बॅटरीवर, बांधावर बसून! मग एकदा बल्गेरिया आला. एकदा कुठल्याशा बेटावरचा माणूस आला. हे तर इतके खूश, की नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, सौ. युरोपशी बोलताना. मी दर वेळी चाचांना बोलवायचे, उत्तर आलं नाही की मन खट्टू व्हायचं, पण तेवढ्यात दुसरा कुणीतरी परदेशातून यायचा आणि मी हुरळायचे. मला वाटायचं, चाचा ऐकताहेत. आज ना उद्या बोलतील.

एका रविवारी घरी परतताना चाचींचा फोन आला. आवाज बारीक. म्हणाल्या, तू आज नाही का आलीस? मी म्हटलं, चाची, मी तासभर हाका मारत होते. त्या म्हणाल्या, त्यांनी काढून ठेवलं तेव्हा मी कानाला लावून बघितलं, नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज आहे, आत कुणी नाही. आणि मग सांगितलं, की तू बोलवणार आहेस असं मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते दर शनिवार-रविवार अंघोळ करून, टोपी घालून बसतात.

मला गाडी थांबवायला सांगावं लागलं. इतके आठवडे तो माणूस टोपी घालून माझी वाट बघत बसला होता, आणि त्याच्या कानात माझं एक टिंबही पडलं नव्हतं. त्याला काय वाटलं असेल? हीसुद्धा कंटाळली. बोलता येत नाही त्याच्याशी कोण बोलणार. मी इटलीला जाऊन आले, आणि हे श्रीवर्धन, इथून बघायला गेलं तर खाडीपलीकडे चार डोंगर टाकले की आलंच, तिथे मी पोचले नव्हते.

यावर शहाण्या माणसाने डोकं चालवलं असतं. मी पैसे चालवले. आणखी उंच काठी मागवली. आम्हा रेडिओवाल्यांचं हे असंच असतं, पोचत नाही म्हटलं की उंची वाढवायची.

शनिवारी खाडीवरून वारा असा सुटला होता की उभं राहवत नव्हतं. यांनी सांगितलं, आज राहू दे. मी ऐकते होय. ती नवी लांबलचक काठी चढवली, वरचा तुकडा लागला, आणि कडकड करून मधूनच मोडली. तार, दोऱ्या, तुकडे, सगळं माझ्या अंगावर आणि चिखलात. मी तिथेच बांधावर फतकल मारून बसले. वाऱ्याला, काठी विकणाऱ्याला, सोसायटीच्या कमिटीला, देवाला, कुणाला म्हणून सोडलं नाही. यांनी माझा राग ओसरायची वाट बघितली नाही. तार चिखलात खराब होऊ नये म्हणून खाली अंथरलेल्यांतली एक उचलली आणि बांधावरच्या झुडपांना नि मिठागरातल्या जुन्या बांबूंना बांधत गेले. उरलेली काठीच्या मोडक्या तुकड्यापासून दुसऱ्या बाजूला तशीच नेली. डोक्याच्या जरा वर, आडवी. पूर्वी आमच्या चाळीत मागच्या गॅलरीत साड्या वाळत घालायची दोरी असायची, अगदी तशी.

मला म्हणाले, "आता आलोच आहोत तर लाव कानाला. नाहीतर चहा पी आणि चल."

मी रागारागातच सेटची वायर त्या तारेला जोडली, जुळवणीचा डबा फिरवला, हेडफोन चढवला. आणि कानात रत्नागिरी. स्वच्छ. पलीकडे पुण्याचा कुणीतरी, त्याच्या शेजारी अलिबागकडचा, जणू तिघंही माझ्या गाडीच्या बॉनेटवर बसून बोलताहेत. मी कपाळाला हात लावला. अगं बाई, उभी तार लाट लांब फेकते, जवळच्यांच्या डोक्यावरून! जवळच्या माणसाशी बोलायचं तर तार खाली आडवी घालायची. लाट सरळ वर जाते, आभाळाला लागते आणि आपल्याच मुलखात परत पडते. नळी आभाळाकडे धरली की पाणी आपल्याच अंगणात पडतं, तसं. हे मला चाचांनीच शिकवलं होतं, परीक्षेतही आलं होतं, त्याला मार्क मिळाले होते. इटलीने माझं डोकं फिरवलं होतं, दुसरं काही नाही.

पण उशीर झाला होता. पनवेलच्या बाजूच्या डोंगरांमागे आभाळ तांबूस झालं होतं. सूर्य वर आला की बँड मिटणार. मी ठरलेल्या जागी गेले आणि बोलवायला सुरुवात केली. चाचांचं कॉलसाइन, माझं कॉलसाइन, ऐकतोय. नीट, सावकाश, ते पेन्सिल वाजवत असल्यासारखं. उत्तर नाही. पुन्हा. उत्तर नाही. खरखर सुद्धा शांत होती, म्हणजे तिकडे पोचत असणार याची मला खात्री होती. आता चाचा ऐकत होते आणि बोलत नव्हते. का? रागावले? की आज त्यांनी टोपी घातलीच नाही?

तांबूसचं पिवळं झालं आणि माझं डोकं सटकलं. मी चावीवर तुटून पडले. काय पाठवलं मलाही धड आठवत नाही. चाचा मी आहे, चाचा बोला, इतके दिवस माझ्या तारेत चूक होती, तुमची शप्पथ, बोला, चाची रडतात, बोला. टायपिस्टची बोटं सुटली होती. टिंबं रेघांवर पडत होती, अक्षरं एकमेकांच्या अंगावर, मधल्या जागा सगळ्या खाल्लेल्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मी बडवत होते. शेवटी बोटं दुखली म्हणून थांबले.

आणि समोरून तीन अक्षरं आली. हळू. प्रत्येकाला नीट जागा दिलेली. क्यू, एस, डी.

मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कानाला ओळखता येतो, आवाज ओळखता येतो तसा. तो हात चाचांचा होता. इतके महिने चावी पेटीत पडून होती, तरी खर्जातला, सावकाश, तोच. त्या तीन अक्षरांचा जुना ठरलेला अर्थ आहे, तुमचं पाठवणं वाईट आहे.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला देव जाणे, हे चहा सांडत धावत आले. मी बोट ओठांवर ठेवलं. चाचांनी पुढे पाठवलं, पुन्हा, सावकाश. मोर्समध्ये मराठी इंग्रजी अक्षरांतच पाठवावी लागते, आम्ही नेहमी तसंच बोलायचो. मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून पाठवलं. तार चुकीची लावली होती. माझा आवाज तुमच्या डोक्यावरून जात होता. मी थकले नव्हते. त्यांनी विचारलं, कुठे जात होता? मी म्हटलं, इटली. त्यावर चार टिंबं आणि दोन टिंबं, पुन्हा चार आणि दोन. आमच्यात हसणं असंच पाठवतात. ज्या माणसाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं तो हसत होता, आणि मी यांचा हात धरून ओरडून सांगितलं, की हसताहेत, अहो हसताहेत. यांनी नाक ओढलं आणि वाऱ्यावर खापर फोडलं.

त्यांचा सिग्नल हळूहळू बारीक होत चालला होता. बँड मिटत होता. मी लिहिलं, उद्या येते, याच वेळी. त्यांनी लिहिलं, ये. आणि मग म्हणाले, एक निरोप घे.

आता हे सांगायला हवं, की परवान्याच्या नियमात हे बसत नाही. हवेवर आपण आपलं बोलायचं, तिसऱ्या माणसाचे खासगी निरोप न्यायचे नाहीत. मला हा नियम घोकून घेणारे चाचाच. एकदा मी कुणाला कुणाचा नुसता नमस्कार सांगितला होता, तर संध्याकाळभर ऐकवलं होतं. तेच आता निरोप घे म्हणत होते, घाईने नाही, जाणूनबुजून. मी पाठवलं, सांगा. आणि गाडीच्या इन्शुरन्सच्या पाकिटावर अक्षरं उतरवत गेले. शेवटची दोन-तीन तर खरखरीतून ओढून काढावी लागली. मग ते मिटले.

मी वाचलं, तर मला नीट उलगडा झाला नाही. पण निरोप माझ्यासाठी नव्हताच. मी तिथूनच चाचींना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. म्हटलं, चाची, निरोप आहे.

"कुणाचा गो?"

म्हटलं, तुमच्या बाहेरच्या खोलीतून आलाय. भांडी थांबली. मी जसाच्या तसा वाचून दाखवला.

"तिला सांग, रात्री झोपत जा. तू उठून माझ्या गळ्यापाशी हात धरून बघतेस, मला कळतं. मी पण डोळे मिटून जागा असतो. मी श्वास घेतोय. आता झोप."

फोनवर चाचींचा श्वास तेवढा ऐकू आला. आम्हाला कुणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं, एसटीच्या थांब्यावरही नाही. ऑपरेशन झाल्यापासून रोज रात्री ही बाई उठून अंधारात त्या भोकापाशी तळहात धरत होती, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून परत पडून राहत होती. आणि नवरा, तिला कळू नये म्हणून झोपेचं सोंग घेऊन पडलेला. शब्द त्यांच्याच घरातून निघाले होते, आभाळात जाऊन उलव्याच्या चिखलात उतरले होते, आणि आता फोनवरून परत त्याच घरात गेले होते.

"त्यांना सांग," चाची म्हणाल्या. "नको. राहू दे. मीच सांगते."

त्यांनी फोन बंद केला नाही, तसाच हातात धरून निघाल्या असाव्यात. चपलांचा आवाज येत राहिला. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. बाई एरवी या महिन्यांत चाचांशी बोलायच्या त्या चढ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं. आता मात्र अगदी हळू म्हणाल्या, "ऐकलं मी. झोपेन."

मी फोन ठेवला. यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, गाडी काढा, घरी जाऊ, तिकडच्या दोघांना आज झोप हवी आहे.